कष्टकऱ्यांचा शाहीर : अण्णाभाऊ साठे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे समितीने आम्हाला सांगितले. तथागत भगवान बुद्ध, महात्मा फुले, शाहू महाराज, बाबासाहेब, माता रमाई यांच्यावर लिहिणारे आमच्यापेक्षा जाणकार लोक वस्तीत आहेत. आम्ही डाळमिलमध्ये काम करणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात, सभांत आणि मोर्चांत. म्हणून आम्ही आमच्यासारख्याच एका माणसाचं नाव सुचवलं, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे. नाव ऐकून बैठकीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक-दोघांनी विचारलं, अण्णाभाऊ बौद्ध कुठे होते? ते तर लाल बावट्याचे. त्यांची जयंती पलीकडची गल्ली करते, मग आपल्या विहाराच्या पुस्तकात त्यांचं काय काम?

आम्हाला राग आला नाही. हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी आम्ही स्वतः विचारला होता, आणि याहून वाईट शब्दांत विचारला होता. तेव्हा आम्ही विशी ओलांडलेले पोरगे. पलीकडच्या गल्लीतली मातंग समाजाची मुलं 1 ऑगस्टच्या जयंतीची वर्गणी मागायला आली. आम्ही चौघा-पाचजणांनी त्यांना दारातूनच परत लावलं. तुमचा माणूस तुम्हीच मिरवा, असं काहीतरी आम्ही म्हटलं. त्या मुलांपैकी एकजण आमच्याच मिलमध्ये पोती उचलायला होता. तो भांडला नाही. आठ-पंधरा दिवसांनी रात्रपाळीला त्याने एक पुस्तक आणून दिलं, पुठ्ठा निघालेला, पानं पिवळी पडलेली. 'फकिरा'. तुरीच्या पोत्यांवर बारदाना टाकून, चक्कीचा आवाज आणि नाकातोंडात चुनीची धूळ अशा अवस्थेत आम्ही ते तीन रात्रीत वाचून काढलं. चौथ्या दिवशी त्याच्याकडे बघायची आमची हिंमत झाली नाही. वर्गणी मात्र नेऊन दिली. जयंती होऊन गेली होती तरी दिली.

असो. आता मूळ विषयाकडे येतो.

अण्णाभाऊंचं खरं नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जन्म 1 ऑगस्ट 1920, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. मांगवाड्यात जन्म म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्यात इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केलेला. गावात कुठं चोरी झाली की आधी मांगवाड्यावर धाड. माणूस आईच्या पोटातूनच चोर म्हणून जन्माला येतो, असं सरकारी कागदावर लिहून ठेवलेलं. ज्या समाजातल्या मुक्ता साळवे या मुलीने 1855 साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकून, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, त्याच समाजाच्या या पोराला पुढं पाऊणशे वर्षांनीही शाळा लाभली नाही. ते जेमतेम दीड दिवस शाळेत गेले असं सांगतात. मास्तरचा मार आणि अपमान एवढंच त्यांना तिथं मिळालं.

पोट भरेना म्हणून साठ्यांचं कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून चालत निघालं. अण्णाभाऊ तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. वाटेत मिळेल तिथं मजुरी करायची, मिळेल ते खायचं आणि पुढं चालायचं. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून किती घरं अशीच मुंबई-पुण्याकडे गेली, हे आमच्या आईच्या तोंडून आम्ही ऐकलं आहे. त्यामुळे ही गोष्ट वाचताना आम्हाला ती परक्या माणसाची वाटली नाही.

मुंबईत त्यांनी काय केलं नाही? कोळसा वेचला, हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे कापडाचं गाठोडं वाहिलं, गिरणीत कामगार झाले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून अक्षरं जुळवायला शिकले. आमच्या सहकाऱ्यांपैकी काहीजण आजही एस.टी.ची पाटी वाचताना मनात एक-एक अक्षर लावतात. त्यांनी लाज बाळगू नये. मराठीतला एक मोठा कादंबरीकार याच वाटेनं आला आहे.

मधल्या काळात घरच्या अडचणीमुळे त्यांना गावी परतावं लागलं. तिथं नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते शिरले. हलगी, ढोलकी, तुणतुणं, पेटी हातात आली. गळा होताच, पाठांतर दांडगं होतं. एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. हलगी वाजवणं हे गावगाड्यानं मांगाच्या गळ्यात अडकवलेलं काम. लग्न कोणाचं, मयत कोणाची, जत्रा कोणाची, वाजवायचं यांनी. तमाशातही तेच. नाचणारे-गाणारे आपल्या दोन्ही समाजांचे, आणि शिट्या मारणारा पाटील. कला आपली आणि करमणूक त्यांची. म्हणून आपल्या चळवळीनं ही असली कामं टाकून द्यायला सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. अण्णाभाऊंनी मात्र दुसरी वाट काढली. त्यांनी हलगी टाकली नाही, तिचा मालक बदलला. पाटलाच्या वाड्यापुढं वाजणारी हलगी त्यांनी कामगारांच्या मैदानात आणली.

पुन्हा मुंबईला आल्यावर ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहिले. ही वस्ती महार, मांग आणि इतर कष्टकऱ्यांची. तिथं त्यांना कॉम्रेड आर. बी. मोरे भेटले. हे मोरे म्हणजे 1927 च्या महाड सत्याग्रहाच्या उभारणीत राबलेले बाबासाहेबांचे कार्यकर्ते, जे पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले. चवदार तळ्याच्या पाण्याचा असा एक झरा अण्णाभाऊंपर्यंत पोचला होता, हे विसरता कामा नये. लेबर कॅम्पात डास इतके, की अण्णाभाऊंचं सुरुवातीचं एक गाणं डासांवरच होतं असं सांगतात. आम्हाला यात फार मोठी गोष्ट दिसते. नवा शाहीर सुरुवातीला सूर्य-चंद्रावर लिहितो. यांनी वस्तीतल्या गटारावर लिहिलं. वस्ती हसली, आणि हसता हसता तिला कळलं की हा त्रास नशिबाचा नाही, नगरपालिकेचा आहे.

मग स्पेनच्या यादवी युद्धावर पोवाडा झाला, आणि 1943 साली स्टालिनग्राडच्या लढाईवर. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस मुंबईच्या झोपडीत बसून हजारो कोस दूरच्या लढाईवर पोवाडा रचतो, आणि तो पुढं रशियन भाषेत जातो. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली, तेव्हा बंगालवर पोवाडा रचला. 1946 साली खानदेशात अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, तेव्हा त्या हुतात्म्यांवर रचला. त्यांनी फक्त आपल्या जातीचं दुःख गायलं नाही. भुकेलेला माणूस बंगाली असला तरी त्यांचाच होता.

1944 साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं. यातले अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, तेही गिरणीत कामाला होते. ब्रॉडगेज होण्याआधी लातूरहून जी छोटी रेल्वे जायची, ती याच बार्शीवरून. एक मातंग, एक मुसलमान आणि एक सीमाभागाकडचा असे तीन शाहीर एका व्यासपीठावर उभे राहिले आणि महाराष्ट्रभर फिरले. माइक असो नसो, हजारो माणसं रात्र-रात्र ऐकत बसायची.

त्यांनी तमाशात काय बदल केला ते बघा. तमाशा गणपतीच्या गणानं सुरू होतो, त्यांनी पहिलं वंदन मायभूमीला आणि शिवरायांना करायला लावलं. गवळण काढून टाकली, कारण बाईची टिंगल करून लोकांना हसवणं त्यांना मान्य नव्हतं. सवाल-जवाब ठेवले, सोंगाड्या ठेवला, ढोलकी ठेवली, पण राजाच्या जागी सावकार, गिरणीमालक आणि निवडणुकीतला शेठ आणून उभा केला. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही त्यांची वगनाट्यं. लोकांना चालही ओळखीची आणि बोलीही घरची. म्हणून भाषणातून जे डोक्यावरून जातं ते वगातून आत उतरलं. आपल्या आंबेडकरी जलशांनी हेच काम त्याआधी नाशिक-मुंबईकडे केलं होतं. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचे जलसे गावोगाव जायचे. अण्णाभाऊ आणि आपले जलसाकार ही एकाच झाडाची माणसं आहेत, फांद्या वेगळ्या असतील.

सरकारला हे झोंबलं. स्वातंत्र्यानंतर, 1948 च्या सुमारास, मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही. अण्णाभाऊंना भूमिगत व्हावं लागलं. तमाशाचं लोकनाट्य झालं ते याच धामधुमीत. पुढं संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. त्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घराघरांत गेली. गावाकडं बायको ठेवून मुंबईत राबणाऱ्या कामगाराची तगमग त्यांनी गायली आणि तीच तगमग बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राची करून टाकली. आमच्या मते त्या चळवळीत शंभर सभांनी जे केलं नसेल ते या एका गाण्यानं केलं.

आता समितीतल्या बांधवांच्या प्रश्नाकडे येतो. अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते, हे खरंच आहे. बाबासाहेबांचं आणि कम्युनिस्टांचं जमलं नाही, 1952 च्या निवडणुकीत त्यांनी बाबासाहेबांच्या विरोधात काम केलं, हेही खरं आहे. ते दुखणं आपल्या जुन्या लोकांच्या मनात शेवटपर्यंत होतं. अण्णाभाऊंनी धम्मदीक्षा घेतली नाही. हे काही लपवून ठेवायचं कारण नाही. पण त्याच माणसाने 1956 साली बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झाल्यावर असं गाणं लिहिलं, की आज 14 एप्रिलच्या मिरवणुकीत ते वाजल्याशिवाय आपली मिरवणूक पुढं सरकत नाही. आपल्यातले निम्मे लोक ते म्हणतात आणि कोणाचं आहे ते त्यांना माहीत नसतं. 1958 साली 2 मार्चला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पुराणातल्या नागाच्या फण्यावरून पृथ्वीचा भार काढून त्यांनी तो दलित आणि कामगाराच्या तळहातावर ठेवला. आणि 1959 साली 'फकिरा' आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. पक्ष त्यांचा वेगळा होता, ऋण कोणाचं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

'फकिरा' ही वारणा खोऱ्यातल्या मांग वीराची कथा. दुष्काळात माणसं मरायला लागली तेव्हा त्यानं इंग्रजांचा खजिना लुटून लोकांना जगवलं. सरकारी दप्तरात जो दरोडेखोर, त्याला अण्णाभाऊंनी नायक केलं. 1961 साली राज्य सरकारचा पुरस्कार त्या कादंबरीला मिळाला. ज्या कायद्याने मातंगाला चोर म्हटलं, त्याला हे उत्तर होतं, कोर्टात नव्हे, कादंबरीत. आमच्या त्या सहकाऱ्याला वाचायला फारसं येत नव्हतं, हे आम्हाला मागाहून कळलं. त्याच्या घरात ते पुस्तक मोठ्यानं वाचलं जायचं आणि सगळी गल्ली ऐकायला बसायची.

त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. भीमा नावाचा धिप्पाड माणूस मुंबईजवळच्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग तो स्मशानातली राख चाळून मेलेल्यांच्या अंगावरचं सोनं शोधतो आणि पोरीला, बायकोला जगवतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटं अडकून तो कायमचा अधू होतो, आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. ज्याच्या कामाची जागा एका दिवसात कुलूपबंद झाली आहे त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. आमच्यावर तो प्रसंग दोनदा आला.

पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथांचे अनेक संग्रह, वगनाट्यं, पोवाडे, लावण्या एवढं या माणसानं लिहिलं. त्यातल्या सात कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. 1961 साली ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. एवढं सगळं होऊन राहायला कुठं, तर घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत. एक नाही, दोन नाही, वीस-बावीस वर्षं. प्रकाशक थोडक्या पैशात हस्तलिखितं घेऊन जायचे. शेवटी व्यसन लागलं, घर विस्कटलं, जवळची माणसं दुरावली. 1968 साली गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं आणि वर्षभरात, 18 जुलै 1969 रोजी ते गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात अमर शेख अपघातात गेले. लाल बावट्याचे दोन आवाज एकाच पावसाळ्यात बंद झाले.

इथं आम्हाला थोडं कडू बोलायचं आहे. 2002 साली त्यांचं टपाल तिकीट निघालं, 2022 साली मॉस्कोत पुतळा बसला. आनंद आहे. पण ज्या वस्त्यांना त्यांनी बोलतं केलं, त्या वस्त्यांनी त्यांना जिवंतपणी किती सांभाळलं? आपल्या लातुरातच भीमगीतं गाणारे कितीतरी गायक असे आहेत, ज्यांना आपण जयंतीला डोक्यावर घेतो आणि 15 एप्रिलला विसरतो. पेटी दुरुस्त करायला त्यांच्याकडे पैसे नसतात. कलावंत समाजाला उभं करतो असं आपण भाषणात म्हणतो. कलावंताला कोण उभं करणार, हा विषय मात्र बैठकीच्या कामकाजात कधी येत नाही. आम्हीही कधी मांडला नव्हता.

दुसरी गोष्ट आजची आहे. 1 ऑगस्ट 2024 रोजी, म्हणजे नेमकं अण्णाभाऊंच्या जयंतीदिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला. त्यानंतर दोन्ही समाजांत काय काय बोललं गेलं ते सर्वांनी ऐकलं आहे. निकालाची चर्चा करण्याची ही जागा नाही, त्यावर प्रत्येकाचं मत असेल. पण चहाच्या टपरीवर एकमेकांचा बाप काढायची पाळी येते, तेव्हा आम्हाला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आठवतात. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं यासाठी 1978 साली पेटलेल्या मराठवाड्यात त्यांना हालहाल करून मारलं. ते मातंग होते. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव आलं, त्या आनंदात आपण सगळे नाचलो. त्याच सुमारास आम्ही अण्णाभाऊंच्या जयंतीची वर्गणी नाकारली होती. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं पाहिजे.

बैठकीत शेवटी आम्ही एवढंच मांडलं. विहाराच्या सभागृहात रविवारी वंदना झाल्यावर तास-दीड तास रिकामा जातो. त्या वेळात पोरांना एक वग बसवू द्या. विषय आपल्याच वस्तीचा असावा : आठ-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी असलेली लेकरं आज तरुण झाली आहेत, त्यांना विषय शोधायला लांब जायला नको. वगात दोन्ही गल्ल्यांची पोरं-पोरी असावीत. समितीने मान्यता दिली. गेले पाच रविवार तालीम चालू आहे. पहिल्या दिवशी पोरं दोन भिंतींना दोन घोळके करून बसली होती. तिसऱ्या रविवारी कोण कुठल्या गल्लीचा हे बघायला आम्हाला चष्मा लावावा लागला. सोंगाड्याचं काम आपल्या मागच्या गल्लीतली एक मुलगी करते, आणि मुलांपेक्षा झकास करते.

प्रयोग वर्धापनदिनी संध्याकाळी सात वाजता, विहाराच्या पटांगणात आहे. हलगी पलीकडच्या गल्लीतून येणार आहे, तसा निरोप आला आहे. पुस्तक देणाऱ्या त्या सहकाऱ्याचा मुलगाच ती वाजवणार आहे. ढोलकी मात्र अजून मिळालेली नाही. कोणाच्या घरी माळ्यावर जुनी पडलेली असेल तर कृपया विहारात आणून द्यावी. शाई गेलेली असली तरी चालेल, भरून घेऊ.